आक्काच्या छातीचा फोटो

आक्कानं तपकिरी लखोटा दादाच्या ताटाशेजारी आपटला, तशी आमटीची वाटी कलंडली.

"पिराजी, हात धू," ती म्हणाली. "जेवण ऱ्हाऊ दे."

दादा इंगवले म्हणजे शाहूपुरीच्या गूळबाजारात नुसता खाकरला तरी हमाल उठून उभे राहायचे. पण पन्नाशीला टेकला तरी थोरल्या बहिणीपुढं त्याचा पिरूच व्हायचा. लखोटा त्यानं लांबूनच ओळखला होता. तो घरी येऊ नये म्हणून पंधरा दिवस त्यानं डॉक्टरांकडंच ठेवला होता.

"कुठं गेलतीस?" त्यानं विचारलं.

"छातीचा पट्टा सोडून घ्यायला. डॉक्टर मला विचारत्यात, बाई, शुक्रवारी मिरजेला सोबत कोण येणार? ऑपरेशन मोठं हाय, दोन माणसं तरी पाहिजेत. मी म्हटलं, कसलं ऑपरेशन? छातीतलं पाणी काढायचंय न्हवं? तर ते माझ्या तोंडाकडं बघायला लागले आणि मी त्यांच्या."

वाढता वाढता दादाच्या बायकोचा, विमलाचा हात थांबला. धाकटा नृसिंह बिद्रीच्या साखर कारखान्यात केमिस्ट, आजच्यासाठी पाळी बदलून आला होता, त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. आतल्या खोलीत दादाची मुलगी मंदाकिनी साडीला इस्त्री करत होती. चार वाजता कुरुंदवाडचे पावणे तिची सुपारी फोडायला यायचे होते. पावणे माळकरी, म्हणून रविवार असूनही घरात मटण शिजलं नव्हतं.

झालं होतं ते असं. दिवाळीच्या सुटीआधी आक्का शाळेच्या पायरीवरनं घसरली. मुलींच्या शाळेची ती हेडमास्तरीण, पडल्यावरसुद्धा आधी हजेरीपट गोळा केले आणि मग कण्हली. बरगडी मोडली की काय ते बघायला छातीचा फोटो काढला. बरगडी शाबूत निघाली, मुक्या मारासाठी नुसता पट्टा बांधला, पण डाव्या फुप्फुसात वरच्या अंगाला एक गोल पांढरा डाग दिसला. डॉक्टरांनी तो दादाला दाखवला, दादानं विमलाला सांगितलं, विमलानं नृसिंहाला, आणि नृसिंहाच्या बायकोकडनं तो तिच्या माहेरापर्यंत गेला. आक्काला तेवढं छातीत पाणी झालंय म्हणून सांगितलं. ज्याचं दुखणं त्याला सोडून अख्ख्या गोतावळ्याला कळवायचं, ही आमच्याकडची जुनी खोड, आणि तिला आम्ही माया म्हणतो. चुलीत घाला असली माया.

"सांग की आता," आक्का म्हणाली. "पाणी हाय का डाग हाय?"

"आक्का, तुला तरास नको म्हणून..."

"तरास? अरे, छाती कुणाची फाडणार होतास? तुझी?" ती पाटावर बसली नाही, उभीच राहिली. "मी डॉक्टरास्नी म्हटलं, मला सगळं सांगितल्याशिवाय मी इथनं उठत न्हाय. तेव्हा त्यांनी काचेवर फोटो लावून दाखवला. म्हणाले, बाई, असा डाग दोन गोष्टींचा असू शकतो. एक तर जुनं कायतरी होऊन भरून आलेलं, त्याचा वण. न्हायतर कॅन्सर. नुसत्या ह्या फोटोवरनं मला सांगता येत न्हाय. जुना एखादा फोटो असता, आणि त्यातपण हा डाग असाच आणि एवढाच असता, तर ह्याला बोटसुद्धा लावायचं कारण नव्हतं. जुन्यात नसता किंवा बारीक असता, तर मात्र छाती उघडूनच बघायला पाहिजे. मी म्हटलं, मग जुना फोटो मागितला का न्हाईसा? तर म्हणाले..." इथं तिचा आवाज चिरकला, आणि आपला आवाज चिरकला याचाच तिला जास्त राग आला. "नृसिंह, ती चिठ्ठी वाच. मोठ्यानं वाच."

नृसिंहानं लखोट्यातनं मिरजेच्या डॉक्टरांच्या नावची चिठ्ठी काढली. इंग्रजीत होती. त्यानं ती मनात वाचली आणि मराठीत सांगितली, "पूर्वी छातीचा फोटो कधीही काढलेला नाही, घरात क्षयाचा रोगी कुणी नाही, असं रुग्णाच्या भावानं सांगितलं." मग त्यानं मान वर केली. "दादा, तू असं सांगितलंस?"

दादा हात न धुताच बसला होता. बोटांवरची आमटी वाळायला लागली होती.

"अडुसष्ट साली काय झालतं?" आक्का म्हणाली. "आपला बाप, आण्णा, टीबीनं गेला तेव्हा काय झालतं? सरकारी दवाखान्यात आपल्या सगळ्यांचे फोटो काढले का न्हाय? आण्णाचे सात आणि आपले पाच. डॉक्टर म्हणाले, घरच्यात चालू रोग कुणाला न्हाय, निर्धास्त ऱ्हावा. बारा फोटोंचं भेंडोळं मी स्वतःच्या हातानं ट्रंकेत ठेवलंय, आणि तू सांगतोस, कधी काढलाच न्हाय?"

"ट्रंकेत हाय कुठं आता? ग्रहणाला कापलं न्हाय काय!" दादा ओरडला. खोटं पकडलं गेलं की माणूस आधी आवाज वाढवतो, तसा त्यानं वाढवला. "विचार की ह्याला! ह्या शास्त्रज्ञाला विचार!"

नृसिंहाचं तोंड उतरलं.

फेब्रुवारीत ते मोठं सूर्यग्रहण लागलं, तेव्हा मंगळवार पेठेतली अर्धी गल्ली दारं-खिडक्या लावून घरात बसली होती आणि अर्धी इंगवल्यांच्या गच्चीवर आली होती. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडं बघू नका, असं रेडिओ सारखा सांगत होता. नृसिंह म्हणाला, दवाखान्यातल्या फोटोची फिल्म डोळ्यांपुढं धरली की झालं. आक्कानंच सांगितलं होतं, आण्णाचे जुने फोटो घे म्हणून. पत्र्याच्या कात्रीनं नृसिंहानं कापले आणि ज्याला त्याला वाटले. आण्णाच्या रोगट छातीतनं सूर्य नीट दिसत नव्हता, सगळं पांढुरकं. पण काही तुकडे काळेभोर होते, त्यातनं सूर्य लिंबाच्या फोडीसारखा स्वच्छ दिसला. त्या तुकड्यांसाठी पोरासोरांत मारामारी झाली होती. आक्कानं स्वतः एक डोळ्याला लावला होता आणि नृसिंहाची पाठ थोपटली होती.

"मी तुला आण्णाचे काप म्हटलं होतं," ती आता नृसिंहाला म्हणाली.

"मला दादानं अख्खं भेंडोळं आणून दिलं. म्हणाला, सगळं काप. मी नावं बघितली न्हाईत, आक्का. चुकलं माझं."

"का रे, पिराजी? सगळं कशाला काप?"

"कशाला म्हणजे?" दादा उठला. "घरात पोरगी लग्नाची झाली. कुणी पावण्यानं ट्रंक उघडली, कुणाच्या हाताला लागलं, तर? इंगवल्यांच्यात टीबी म्हणून गावभर झालं असतं. ब्याद गेली म्हणून मी नारळ फोडला मनातल्या मनात. आणि हा डॉक्टर मूळचा कुरुंदवाडचा, पावण्यांच्या घराशेजारचा. ह्याला एक शब्द सांगितला असता तर संध्याकाळपर्यंत तिकडं पोचला असता. फोटो तर गेलाच होता. मग होता म्हणून सांगून काय फायदा, सांग की! मंदाचं जमत आलेलं मोडायचं काय?"

आतल्या खोलीत इस्त्रीचा आवाज बंद झाला होता.

"आणि माझी छाती?" आक्का म्हणाली.

"मिरजेचे डॉक्टर मोठे हायत. बघतील उघडून, कायबी नसलं तर शिवतील."

हे बोलल्यावर दादाला स्वतःलाच ते कसं ऐकू आलं असेल, कोण जाणे.  आक्कानं एकदा त्याच्याकडं, मग विमलाकडं बघितलं.

"विमल, तुलाबी ठाऊक होतं?"

"व्हय," विमला म्हणाली.

पंधरा दिवस ती आक्काच्या दुधात अंडं फेटून घालत होती आणि आक्का म्हणत होती, काय ग, मला पैलवान करतीस काय. त्या दुधाची आता विमलाला शिसारी आली. नणंद म्हणून ह्या बाईनं तिला कधी टोचून बोललं नव्हतं. मंदा झाली तेव्हा मुलगी म्हणून तोंड वाकडं करणाऱ्या बायकांना हिनंच दारातनं परत पाठवलं होतं. आणि नवऱ्यानं तोंड बंद ठेव म्हटल्यावर आपण ठेवलं, मुकाट. विमलाला नवऱ्याचा राग आला, त्याहून स्वतःचा आला, आणि दोन्ही राग एकदम आल्यावर ती पदर खोचून उठली.

"भावजी, तुकडे कुणाकुणाला दिलते?"

नृसिंह आठवून सांगायला लागला. शेजारच्या बनाबाई, समोरच्या बाळाबाई, वरच्या आळीतली झुंबरबाई, सायकलवाला गुंडू.

"विमल," दादा म्हणाला, "दोन वाजून गेल्यात. चारला पावणे येणार. गल्लीत जाऊन तू हे बोललीस, तर..."

"तर काय?"

"उंबऱ्याभाईर पाय टाकलास तर बघ."

"बघतो की," विमला म्हणाली आणि चप्पल न घालता बाहेर पडली.

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. दादाला हे उत्तर पहिल्यांदाच मिळालं.

बनाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. विमला म्हणाली, "बनाबाई, ग्रहणाला आमच्या नृसिंहानं दिलेला तो काळा तुकडा हाय काय?"

"का ग? परत ग्रहण लागतंय व्हय?"

"न्हाय. आमच्या आक्काच्या छातीत डाग निघालाय. बारा वर्षांमागं होता का ते बघायचंय. तुमच्याकडं आक्काच्या छातीचा तुकडा असंल."

बनाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्यांनी नेमका जो विचारायचा तोच प्रश्न विचारला. "बारा वर्षांमागं फोटो कशाला काढलता?"

 ह्या एका वाक्यासाठी बारा वर्षं घरातल्या सगळ्यांनी तोंडाला कुलूप घातलं होतं.

"सासऱ्यास्नी टीबी होता," ती म्हणाली. "त्यातच गेले. दमा म्हणून आम्ही सांगितलं ते खोटं होतं."

"अग बाई, ते आम्हाला ठाऊकच होतं की!" बनाबाई म्हणाल्या. "भिंतीला भिंत हाय. दमा कुठला आणि टीबी कुठला, खोकल्यावरनं कळत न्हाय व्हय? तुमचा मालक दमा म्हणतोय तर आपण दमा म्हणायचं, म्हणून म्हणत होतो. थांब, माझा तुकडा देवळीत हाय."

विमलाला हसावं का रडावं कळेना. बारा वर्षं गल्ली त्यांचं खोटं जपत बसली होती आणि ह्यांना वाटत होतं, आपण लपवलंय. तिथनं पुढं तिची भीडच चेपली. बाळाबाईंच्या दारात तिनं मोठ्यानं सांगितलं. झुंबरबाईंच्या दारात त्याहून मोठ्यानं. झुंबरबाईंनी तुकडा कंदिलाच्या फुटक्या काचेला लावला होता, तो काजळीसकट सोडवून दिला. बाळाबाईंच्या नातवंडांनी दोन हरवले होते, पण तीन निघाले. बायका नुसते तुकडे देऊन थांबल्या नाहीत, विमलाच्या मागोमाग आल्या. आक्का त्यांच्या पोरींची हेडमास्तरीण होती. कुणाच्या पोरीला तिनं बापाच्या दारातनं ओढून परत शाळेत बसवलं होतं. त्यात एवढा मोठा तमाशा फुकट बघायला मिळत होता, हेही होतंच.

साडेतीनला माजघराच्या खिडकीच्या काचेवर तुकडे लावायला सुरुवात झाली. मंदाकिनीनं कुणी न सांगता भाताची खळ केली आणि एकेक तुकडा चिकटवत गेली. नेसायची साडी पलंगावर तशीच पडली होती. पांढुरके तुकडे आण्णाचे, ते आक्कानं बाजूला काढले. काढताना तिचा हात जरा थांबत होता. राहिलेले काळे तुकडे पाच जणांचे, सगळ्यांच्या बरगड्या सारख्याच.

"आक्का, तुझ्या कशा ओळखायच्या?" नृसिंह घामाघूम झाला होता. स्वतःच कापलेल्या कडा त्याला जुळवता येत नव्हत्या.

"माझं गळ्याखालचं हाड बघ. जोतिबावरनं येताना बैलगाडीतनं पडलतो मी, सातवीत. वाकडं बसलंय, मध्ये गाठ हाय. डावीकडचंच."

गाठीचं हाड मिळेना. उजवी बाजू आक्काची म्हणून जुळली, खालचा भाग मिळाला, कोपऱ्यातली नावाची पट्टीसुद्धा मिळाली. पण डाव्या खांद्याखाली तळहाताएवढी खिडकी उघडीच राहिली. त्यातनं परसातलं तुळशीवृंदावन दिसत होतं. आक्का त्या भोकाकडं बघत उभी होती. मघापासनंचा सगळा राग एका बाजूला, आणि ही एवढीशी उघडी जागा एका बाजूला. तिला पहिल्यांदा भीती वाटली. शुक्रवार पाच दिवसांवर होता.

तेवढ्यात बाहेर मोटार थांबली. पावणे वेळेआधीच आले.

दादानं सदऱ्याची बटणं लावली आणि पुढच्या सोप्यात धावला. कुरुंदवाडचे ज्ञानदेवराव, त्यांच्या पत्नी धोंडुबाई आणि मध्यस्थ असे तिघं होते. नवरामुलगा पाटबंधारे खात्यात इंजिनियर, तो आला नव्हता. दादानं माजघराचं दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून बसला. आतनं दहा-बारा बायकांची कुजबुज येत होती.

"घरात बरीच माणसं दिसत्यात," धोंडुबाई म्हणाल्या.

"आक्काच्या शाळेचं कायतरी चाललंय. प्रदर्शन-बिदर्शन," दादा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. एक खोटं झाकायला आता दुसरं, आणि दुसऱ्याला तिसरं लागणार, हे त्याला कळत होतं. पण गाडी उताराला लागली होती. आपण हे पोरीसाठी करतोय, असं तो स्वतःला सांगत होता. तेही काही अगदी खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

मागच्या दारानं गुंडू आला. हात ग्रीसनं काळे, आणि हातात फिल्मचा तुकडा. पंक्चरचे तुकडे गोल कापायला तो माप म्हणून वापरत होता, त्यामुळं एक कोपरा कातरलेला होता.

"हे चालंल काय, बाई?" त्यानं विचारलं. "मला ठाऊक असतं तुमचं काळीज हाय म्हणून, तर मी कात्री लावली नसती."

मंदाकिनीनं तुकडा पुसला आणि त्या उघड्या जागेवर धरला. नृसिंहाच्या वाकड्यातिकड्या कापाला काप बसला. गाठीचं हाड, आणि त्याच्या खाली दोन बोटांवर, गोल पांढरा डाग.

"पट्टी," आक्का म्हणाली. "माझी शाळेची पट्टी आण."

नवा फोटो तिनं शेजारच्या काचेवर धरायला लावला. आधी नव्या डागावर पट्टी ठेवली. चौदा मिलिमीटर. मग जुन्यावर ठेवली. नृसिंहानं तिचं मनगट धरलं. तिनं त्याचा हात झिडकारला आणि स्वतःच मोजलं. परत मोजलं.

"चौदा," ती म्हणाली. "बारा वर्षांमागंबी चौदा."

बनाबाईंनी मोठ्यानं 'अंबाबाई' म्हटलं आणि विमला खाली बसून ओक्साबोक्शी रडायला लागली. नृसिंह म्हणाला, डॉक्टरांना उद्या सकाळीच दाखवू, शेवटचं तेच सांगतील, पण आक्का, हा वण हाय, आण्णाकडनंच आलेला, तुझ्या अंगानं कधीच जिरवलेला. आक्का ऐकत होती.  क्षणभर तिला वाटलं, झालं, सुटलो. दादाला बोलवावं, त्याला दाखवावं, एक मुस्काटात द्यावी आणि विषय संपवावा.

आणि तेवढ्यात दारापलीकडनं दादाचा आवाज आला.

धोंडुबाईंनी विचारलं होतं, "तुमचे वडील कशानं गेले म्हणालासा?"

"म्हातारपण," दादा म्हणाला. "आमच्यात तसलं दुखणं न्हाय कसलं. इंगवल्यांची हाडं लोखंडाची. आमची आक्काच बघा की, बावन्न वर्षांची, पण आजवर डॉक्टरचं तोंड बघितलं न्हाय."

आक्कानं दार ढकललं. दादा त्याला पाठ लावून बसला होता, तो खुर्चीसकट पुढं सरकला.

"नमस्कार, पावणं," ती म्हणाली. "मी मुलीची आत्ती. आजच सकाळी डॉक्टरचं तोंड बघून आलोय. आमचा बाप म्हातारपणानं गेला न्हाय. टीबीनं गेला, साठाव्या वर्षी. माझ्या छातीत त्याचा वण हाय, आत घरात खिडकीला लावलाय, बघायचा असंल तर या. ह्या माणसानं, माझ्या सख्ख्या भावानं, ते तुमच्यापास्नं लपवायला माझी छाती फाडायची तयारी केलती. शुक्रवारी."

"आक्का!" दादा ओरडला.

"तू गप. तुझं बोलून झालंय." ती पावण्यांकडं वळली. तिचा आवाज आता वर्गात असायचा तसा होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "टीबी आण्णाबरोबर गेला. आमच्या कुणाच्यात न्हाय, पोरीच्यात न्हाय. खोटं बोलायची खोड मात्र अजून ह्या घरात हाय. त्या खोडीशी सोयरीक करायची असंल तर करा. न्हायतर सुपारी परत घेऊन जावा."

मध्यस्थ खोकला आणि लगेच खोकल्याबद्दल ओशाळला. ज्ञानदेवरावांनी टोपी मांडीवरनं उचलून डोक्यावर घातली. ते भले गृहस्थ होते. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही.

"बाई, खरं सांगितलंसा, बरं झालं," ते म्हणाले. "आम्ही घरात विचार करतो आणि कळवतो."

विचार करून कळवतो म्हणजे काय, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. धोंडुबाईंनी जाताना हळदीकुंकवालाही थांबायचं टाळलं. मोटार वळली तेव्हा अख्खी गल्ली ओट्यावर उभी होती.

"झालं समाधान?" दादा म्हणाला. तो सोप्यातच भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. "डाग जुना निघाला, ऑपरेशन टळलं, मग गप बसता येत नव्हतं? उद्या सांगितलं असतंस मला. जोड्यानं मारायचं होतंस."

"शुक्रवारी टेबलावर झोपवल्यावर तू मला सांगणार होतास काय?" आक्का म्हणाली. "एवढंच सांग. डाग मिळाला नसता, तर शेवटच्या मिनिटाला तरी सांगणार होतास?"

दादा रडायला लागला. मोठा माणूस, गळ्यात दोन तोळ्यांची साखळी, आणि हुंदके देऊन रडत होता. आक्का त्याच्याजवळ गेली नाही. विमलाही गेली नाही. शेवटी नृसिंहच जाऊन त्याच्या शेजारी बसला.

बायका एकेक करून पांगल्या. मंदाकिनी सोप्यात आली आणि चहाचे कप गोळा करायला लागली. सगळे कप भरलेले होते. तिनं अजून घरातलीच साडी नेसलेली होती आणि बोटांना खळ वाळली होती.

आक्काला तिच्याकडं बघून एकदम गलबललं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून ती पुढं झाली. "मंदा, असल्या खोट्यावर उभं राहिलेलं घर तुला कशाला पाहिजे होतं, बाळ? उद्या कळलं असतं तर तुलाच ऐकायला लागलं असतं जन्मभर. मी बरोबर केलं का न्हाय, सांग."

मंदाकिनीनं कप ट्रेमध्ये ठेवले. हात मात्र आक्काच्या आवाक्याबाहेर सरकवला.

"मला तो आवडलता, आत्ती," ती म्हणाली. "दोनदा भेटलतो आम्ही, कॉलेजवर. आजोबांचं मी त्याला कधीच सांगितलंय. तो म्हणाला होता, मी घरी हळूहळू सांगतो. लग्न ठरू दे, मग मी बघतो."

सोप्यात दादाचं रडणं थांबलं.

"मला का बोलली न्हाईस?" आक्का म्हणाली.

"कुणी विचारलं मला?" मंदाकिनीचा आवाज मोठा नव्हता, पण रागानं तिचे ओठ पांढरे पडले होते. "बाबांनी विचारलं न्हाय. तुम्हीबी विचारलं न्हाईसा. मी तिथंच होतो, दाराच्या आत, तुमच्या छातीचा तुकडा दोन्ही हातांनी काचेवर धरून. मागं वळून एकदा म्हणायचं होतं, मंदा, मी सांगू काय? तुम्हास्नी न विचारता तुमचं ठरवलं म्हणून दुपारपास्नं घर डोक्यावर घेतलासा. आणि माझं एका दमात मोडून टाकलासा."

  आक्कानं पुढं केलेला हात मागं घेतला.

मंदाकिनीनं ट्रे उचलला.

"उद्या डॉक्टरांकडं मी येतो तुमच्यासंगं," ती म्हणाली. "तुकडे नीट कागदात गुंडाळून मीच घेतो, काकास्नी जमायचं न्हाय. पण आज माझ्याशी बोलू नका."

ती आत गेली. स्वयंपाकघरात एकेक कप मोरीत ओतल्याचा आवाज येत राहिला, आणि आक्का तो संपेपर्यंत सोप्यातच उभी होती.